‘ओ माय’च्या पुढचा शब्द

आमच्या घरात देव नव्हता, त्यामुळे दचकायची मोठी पंचाईत होती.

गल्लीत दूध उतू गेलं की ‘अरे देवा’, विंचू निघाला की ‘देवा रे’, पोरगं नापास झालं की ‘देवानं हे काय केलं’. आमच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडून दिले होते, आणि बाबा तर या बाबतीत आजोबांच्याही वरचढ. ते जऊळक्याला रेल्वेत गँगमन होते. रूळ बोटभर हललेला त्यांना चालत नसे, तसा शब्दही. आमच्या तोंडून चुकून ‘देवा’ निघालं की हातातला घास ताटात ठेवून विचारायचे, “कोनाले बलावलं? कोन येऊन राह्यलं?” मग दचकलं तर म्हणायचं काय? ‘बाप रे’ चालायचं, ‘माय वं’ चालायचं. बाप आणि माय दोघं घरातच होते, त्यांना हाक मारायला कोणाची ना नव्हती.

आठवीत असताना इंग्रजीच्या मास्तरांनी शिकवलं, की आपण एक धरून चाललो आणि झालं भलतंच, तर इंग्रजीत म्हणतात, ओ माय गॉड. मला ते इतकं आवडलं की दिवसभर मी दचकायला निमित्त शोधत होते. संध्याकाळी मायच्या हातून पिठाचा डबा पडला. मी लगेच दोन्ही गालांवर हात ठेवून म्हटलं, “ओ माय गॉड!”

बाबा दारात सायकलची चेन बसवत होते. “गॉड म्हंजे काय वं?”

“देव.”

चेन तशीच लोंबकळत राहिली. “म्हंजे ज्याले तुह्या आज्यानं टोपलीत घालून घराभाईर काढलं, त्याले तू प्यांट-शर्ट घालून आत आनून राह्यली?”

मी रडवेली होऊन सांगितलं की मास्तरांनीच शिकवलंय, पुस्तकात आहे, परीक्षेत येतं. परीक्षेचं नाव निघाल्यावर बाबा नरमले. शिक्षणापुढे त्यांचं काही चालत नसे. त्यांनी ग्रीसचे हात फडक्याला पुसले, थोडा विचार केला आणि निवाडा दिला. “माय पावेतो ठीक हाये. तिथंच थांबायचं. पुढं बोलायचं नाई.”

तेव्हापासून आमच्या घरात ‘ओ माय’ एवढंच. त्यातही गंमत अशी, की आम्ही आईला मायच म्हणतो. त्यामुळे मी दचकले, की माय जिथे असेल तिथून ओ द्यायची, “काय वं?” शंभर वेळा सांगितलं, मी तुला हाक मारलेली नाही, मला नवल वाटलंय. तिच्या काही डोक्यात शिरलं नाही. बाबा गेले, माझं लग्न झालं, तरी फोनवर बोलताना मी ‘ओ माय’ म्हटलं की पलीकडून आलंच, “काय वं?” मी चिडायचे. माझा स्वभाव तिखट, हे सगळा तालुका सांगेल. पण खरं सांगते, सवय झाली होती. दचकलं की कोणीतरी विचारतंच, हे मी धरूनच चालले होते.

पुढे मी स्वतःच इंग्रजीची शिक्षिका झाले. मंगरूळपीरला राहते, जवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तो पाठ आला की मुलांना आवर्जून सांगायचे, “पोट्टेहो, या तीन शब्दांवरून चांगलं झालं का वाईट, ते काही कळत नाही. लॉटरी लागली तरी हेच म्हणतात, घर पेटलं तरी हेच. म्हणून पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय घाबरायचं नाही.” खडू हातात असला की माणूस काय वाट्टेल ते शहाणपण सांगतो.

तर बीपीनं माझ्या दोन्ही किडन्या खाल्ल्या. कधी, कशा, मला पत्ताही लागला नाही. पाय सुजायचे, मी म्हणायचे उभं राहून सुजले. उलट्या व्हायच्या, मी म्हणायचे पित्त आहे. कळलं तेव्हा डायलिसिसवर जायची वेळ आली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळची एसटी धरून वाशीम, चार तास मशीनला जोडून पडायचं, आणि धुऊन पिळलेल्या फडक्यासारखं परत यायचं. डाव्या हाताची शीर त्यासाठी ऑपरेशन करून जोडून घेतलेली आहे. तिच्यावर बोट ठेवलं की आत घरघर लागते. ती घरघर रोज पाहायची असते, थांबली तर डॉक्टरकडे पळायचं असतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाणी. दिवसाला एक बाटली, त्यात चहाही आला, औषधाचा घोटही आला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एक बाटली! मी स्वप्नातसुद्धा नळ पाहते.

अकोल्याच्या किडनीच्या डॉक्टरांनी सांगितलं, बदलून घेतलीत तर या सगळ्यातून सुटाल, घरात कोणी देणारं आहे का. नवऱ्याचा रक्तगट जुळला नाही. भाऊ-बहीण मला नाही. माय तेव्हा माझ्या आजारपणासाठी आमच्याकडे राहायला आलेली होती, ती खुर्चीवरून उठूनच उभी राहिली. “माही घ्या.”

डॉक्टर हसले. “आजी, असं लगेच नसतं. तुम्हाला शुगर नको, बीपी नको. आधी रक्तगट, मग सोनोग्राफी, मग बाकीच्या तपासण्या. त्यात शुगर निघाली तर मी हातसुद्धा लावणार नाही.”

रक्तगट जुळला. माय साठी ओलांडलेली बाई, पण त्या दिवशी गल्लीभर दारोदार सांगत सुटली. “माही पोरगी हाये, जुयनारच ना!” मी तिच्यावर ओरडले, की अजून काही झालेलं नाही, गाजावाजा करू नको. पण आत मीही हिशेब लावायला लागले होते. दिवाळीपर्यंत ऑपरेशन, उन्हाळ्यापर्यंत पुन्हा शाळा. आणि माठातलं पाणी, तांब्यानं, उभ्या उभ्या, पोट फुटेपर्यंत.

सोनोग्राफी वाशीमलाच करायची ठरली. शनिवार होता. नवऱ्याला रजा नव्हती, आम्ही मायलेकी दोघीच गेलो. सेंटरच्या दारावर पाटी होती, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. माय साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकलेली, तिनं ती एकेक अक्षर जोडून मोठ्यानं वाचली आणि म्हणाली, “माहं कायले करतीन आता!” रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले. ते त्या दिवसाचं शेवटचं हसणं होतं.

काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, “आजी, भरपूर पाणी प्या, आणि लघवीला जाऊ नका. पाणी जितकं जास्त, तितकं आतलं नीट दिसतं.” कोपऱ्यात पाण्याचं मशीन होतं, साखळीनं बांधलेला स्टीलचा गिलास होता. मी त्या बाजूला पाठ करून बसले. मायनं दोन गिलास घेतले आणि थांबली. “परतीच्या गाडीत पंचाईत होईन. बास झालं.”

आत डॉक्टर म्हणजे मिसरूड फुटलेलं पोट्टंच होतं. मोठे डॉक्टर बाहेरगावी गेलेले. त्यानं मायच्या पोटाला जेल लावला, माय ‘अवं माय, लय थंडं हाये’ म्हणाली. मी पायथ्याशी स्टुलावर. उजवी बाजू पाहिली, टकटक बटणं दाबली, काय ते मोजलं. मग तो डाव्या बाजूला आला आणि तिथे त्याचा हात अडकला. पुढे नेला, मागे नेला, खाली नेला. जास्त दाबून पाहिलं. मायला कुशीवर वळायला सांगितलं, श्वास रोखायला सांगितलं. पुन्हा वळवलं.

“आजी, याच्याआधी कधी ऑपरेशन झालं होतं का? कमरेत, पाठीत?”

“नाई बापा. हे पोरगी झाली, थे बी घरीच झाली.”

तो स्क्रीनकडे आणखी वाकला. पंखा फिरत होता, बाहेर कोणाचं तरी लेकरू रडत होतं. आणि तो अगदी हळू, स्वतःशीच म्हणाला, “ओ माय गॉड.”

माय पडल्या पडल्या म्हणाली, “काय रे बापा?”

त्याचे कान लाल झाले. “काही नाही आजी, काही नाही. झालं, उठा.” कागदानं पोट पुसायलाही त्यानं मलाच सांगितलं. मी त्याला दारात गाठलं. काय दिसलं? कुठे दिसलं? तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “सोमवारी सर येतात. त्यांनाच एकदा पाहू द्या, ताई. मग रिपोर्ट देऊ. टेन्शन घेऊ नका.”

टेन्शन घेऊ नका! माणसाच्या पोटात सुरा खुपसायचा आणि वरून म्हणायचं, रक्त सांडू नका. त्याच्या तोंडाला कुलूप घालावं असं वाटत होतं. पण मी नुसतं डाव्या हातावर बोट ठेवलं. घरघर चालू होती, नेहमीपेक्षा जोरात.

एसटीत खिडकीजवळ माय बसली. एरवी ती वाटेतलं प्रत्येक शेत कोणाचं, त्यात काय पेरलंय, ते सांगत येते. त्या दिवशी तिच्या तोंडून शब्द नाही. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, “शुगर असली तं घेतच नाईत ना वं?”

“नाही घेत,” मी म्हटलं. माझं लक्षच नव्हतं. माझ्या डोक्यात त्या पोराचा वाकलेला पाठीचा कणा आणि ते तीन शब्द. मी गाठीचा विचार करत होते. एवढ्या वेळा दाबून पाहिलं म्हणजे गाठच असणार. केवढी? ‘ओ माय गॉड’ एवढी.

आमच्या लोकांना वाईट बातमी इंग्रजीतूनच का यावी, याची मला फार चीड आहे. मराठीत कोणी ‘बाप रे’ म्हटलं असतं तर मी त्याची गचांडी धरून विचारलं असतं, बाप रे काय? इंग्रजी ऐकलं की आपण गप्प बसतो. मी तर ती भाषा शिकवते, तरी गप्प बसले.

मंगरूळपीरला उतरल्यावर दर्ग्याकडे जाणारी माणसं दिसली, हातात फुलं, चादर. भीती वाटली की माणसाला देव आठवतो म्हणतात. मला बाबा आठवले. हातात स्पॅनर घेऊन दारात बसलेले, पुढं बोलायचं नाई म्हणणारे. इतकी भीती वाटत असताना कुणाला हाक मारायची, हे मात्र त्यांनी सांगून ठेवलं नव्हतं. माय तर शेजारीच चालत होती, आणि भीती तिचीच होती.

संध्याकाळी मी चहा केला. माय म्हणाली, “माह्यात साखर नको टाकू.”

तीन चमचे साखरेशिवाय चहाला तोंड न लावणारी बाई! मी कप तसाच धरून उभी राहिले. तोंडाची चव जाते, तीही एक खूणच असते असं मी कुठेतरी वाचलं होतं. रात्री तिनं भाकरी अर्धीच खाल्ली. मला विचारायचं होतं, माय, तुला काय होतंय. विचारलं नाही. विचारलं तर ती सांगेल, या भीतीनं विचारलं नाही. मन चिंती ते वैरी न चिंती, त्यातली गत.

आता एक गोष्ट लिहायची आहे, ती लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण लिहिते. सोनोग्राफीच्या खोलीत ते शब्द ऐकले तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा ‘मायला काय झालं’ हे आलंच नाही. पहिल्यांदा आलं, ‘आता माझी किडनी गेली.’ माझी! तिच्या पोटातली, आणि मी तिला माझी म्हणून बसले होते. मायची काळजी वाटली, पण ती नंतर. क्षणभरच नंतर, पण नंतर. घरी भांडी घासताना हे माझ्या लक्षात आलं. जिनं पोटात वाढवलं तिच्या पोटात काय शिल्लक आहे, हे बघायला मी टपून बसले होते.

रविवारी सकाळी उठून पाहते, तर माय अंगणात फेऱ्या मारत होती. इकडून तिकडे, तिकडून इकडे, जोरजोरात, पदर खोचून. दुपारी विळीवर कारली चिरायला बसली. मी म्हटलं, भाजी करतेस का? नाही म्हणाली. थोड्या वेळानं पाहते तर मिक्सरमधून कारल्याचा रस काढून उभ्यानं पीत होती, आणि तोंड असं वेडंवाकडं, की बघवत नव्हतं. मग चार वाजता ती परसातल्या कडुलिंबाखाली दिसली. गाल फुगलेले.

“काय खाऊन राह्यली, माय?”

“काई नाई.”

“तोंड उघड.”

“काई नाई म्हनलं ना!”

“माय, तोंड उघड!” मी लेकरावर ओरडावं तशी ओरडले. तिनं तोंड उघडलं. जीभ, दात, सगळं हिरवं.

माझा तोल गेला. दोन दिवसांची भीती सगळी रागाच्या वाटेनं बाहेर आली. मी तिला काय काय बोलले, ते आता लिहवत नाही. वेड लागलं का, जीव द्यायचा आहे का, तुला काही झालं तर मी कुठे जाऊ. ती पायरीवर बसली. हातातला उरलेला पाला तिनं पदराच्या टोकात बांधला, टाकून दिला नाही.

“तू बी तं होती ना तिथं,” ती म्हणाली. “थ्या डाक्तरनं मलेच तं सांगतलं.”

“काय सांगितलं?”

“ओ माय, गोड. म्हने.”

“गोड?”

“गोड म्हंजे शुगर ना वं? रक्त गोड झालं माहं, असं म्हनलं त्यानं. माय म्हनून हाक मारून सांगतलं बिचाऱ्यानं. मंग मी तुले गाडीत इचारलं, तं तू म्हनली शुगर असली तं नाई घेत. म्हनून म्हनलं, सोमवार पावेतो जितकी उतरन तितकी उतरवून घ्यावं. तुले कायले सांगू? तू भेली असती.”

मला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच फिरलं, रडू झालं. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. “अवं माय, गोड नाही. गॉड. गॉड म्हणजे देव.”

“देव? तुह्या बाबानं हाकलला थो?”

“तोच.”

“म्हंजे शुगर नाई?”

“शुगर सोनोग्राफीत दिसतच नाही. त्याला रक्त तपासावं लागतं.”

तिनं एवढा मोठा श्वास सोडला. पदराची गाठ सोडून पाला झाडाच्या बुंध्याशी टाकला, चूळ भरली, आणि सरळ आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. साखरेचा डबा उघडल्याचा आवाज मला बाहेर आला. “मंग कायले भेव घातलं मले त्या पोट्ट्यानं!”

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. गप्प बसायला हवं होतं. बसले नाही. “पण माय, त्याला काहीतरी दिसलं. त्याशिवाय असं म्हणत नाही कोणी.”

“दिसू दे.” ती चहा ढवळत होती. “गाठ असो, गोटा असो. त्याले वाटलं तं काढून टाकन. तुह्या कामाची वस्तू तं धड हाये ना? सगळ्याइले दोन असतात. एक तुले, एक मले.” आणि कपात फुंकर घालून म्हणाली, “भित्यापाठी ब्रह्मराक्षस.”

ब्रह्मराक्षस! बाबा असते तर त्यालाही टोपलीत घातलं असतं. पण ती मात्र निवांत झाली. चहाचा पहिला घोट घेऊन तिनं डोळे मिटले. मला तो घोट दिसत होता, तिच्या गळ्यातून खाली जाताना. माझ्या बाटलीत त्या दिवसाचं पाणी दोन बोटं उरलं होतं.

सोमवारी नवऱ्यानं रजा टाकतो म्हटलं, मायनं त्याला येऊ दिलं नाही. “एक कागद आनाले कायले तिघं?” आम्ही दोघीच गेलो. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. माय मात्र नवीन लुगडं नेसून निघाली, लग्नाला चालल्यासारखी. एसटीत तिनं मला सगळी शेतं दाखवली. मी हो हो करत होते आणि शिरेवरचं बोट काढत नव्हते.

मोठे डॉक्टर वयस्कर होते, शांत होते. त्यांनी स्वतः मशीन हातात घेतलं. ते पोरगं मागे हात बांधून उभं होतं, माझी नजर चुकवत. डॉक्टरांनी डावी बाजू पाहिली. मग खाली ओटीपोटापर्यंत पाहिलं, मग पुन्हा वर, मग पाठीकडून. मला वाटत होतं, या माणसानं काहीही म्हणावं, ओ माय गॉड म्हटलं तरी चालेल, पण म्हणावं. शेवटी त्यांनी मशीन ठेवलं, चष्मा काढला आणि मायला उठून बसायला सांगितलं.

“आजी, तुमची तब्येत एकदम ठणठणीत आहे. गाठ नाही, खडा नाही, काही नाही.”

मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणीच आलं. यावेळी तो आधी आला, मायसाठी आधी आला, हे मला आठवतंय. ते मी स्वतःला रोज सांगते.

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. “पण ताई, यांना किडनी एकच आहे. उजवी. डावी जन्मापासूनच नाही. कधी कधी जागा सोडून भलतीकडे असते, म्हणून मी सगळीकडे शोधली. तुम्हाला हवं तर सीटी स्कॅन करून खात्री करा, पण माझ्या मते नाहीच. ही एकटी दोघींचं काम करत आलीय, म्हणून थोडी मोठी झालीय. असं असतं काही लोकांचं. कळत पण नाही आयुष्यभर.”

ते पोरगं खाली बघत म्हणालं, “सॉरी ताई. मी पहिल्यांदाच पाहिलं होतं असं.”

माझ्या कानात नुसता पंखा फिरत होता. मी मुलांना शिकवत आले होते, आपण एक धरून चालावं आणि व्हावं भलतंच. आम्ही काय काय धरलं होतं, गाठ धरली, शुगर धरली, मरण धरलं. दोन असतात, एवढं एकच आम्ही तपासून पाहिलं नव्हतं. आणि माझ्या डोळ्यांसमोर डायलिसिसचं मशीन आलं. मंगळवार आणि शुक्रवार, मंगळवार आणि शुक्रवार, त्याच्या पुढे काहीच नाही. एवढी भीती मला आधी कधी वाटली नव्हती आणि पुन्हाही वाटलेली नाही.

माय टेबलावर पाय सोडून बसली होती. तिच्या कपाळावर आठी होती, हिशेब न जुळल्यावर पडते तशी. ती डॉक्टरांना म्हणाली, “बराबर पाह्यलं का बापा?”

“हो आजी.”

“एक तं हाये ना? मंग थेच द्या हिले.”

“असं नाही करता येत, आजी.”

पोटावरचा जेल मायनं पदरानंच पुसला, चपला पायात घातल्या आणि बाहेर गेली. मला वाटलं, रडायला गेली. कागद घेऊन मी तिच्या मागे धावले.

ती कोपऱ्यातल्या पाण्याच्या मशीनपाशी उभी होती. साखळीचा गिलास तिनं तोंडाला लावलेला, मान वर, पाणी हनुवटीवरून नव्या लुगड्यावर सांडत होतं. गिलास रिकामा झाला, पुन्हा भरला, पुन्हा तोंडाला लावला. रांगेतल्या बाया बघत होत्या.

“माय, काय करून राह्यली?”

तिनं धापा टाकत गिलास पुन्हा नळाखाली धरला. “शनवारी म्या दोनच गिलास पेले. आज तं तेवढे बी नाई. थे पोरगी म्हनली नव्हती का, पानी कमी असलं तं नीट दिसत नाई म्हनून? डाक्तरले म्हन थांब जरासं. पोटभर पेतो, मंग दिसन.”

आणि ती पिऊ लागली. चौथा, पाचवा. माझा घसा कोरडा पडला होता, त्या मशीनसमोर मी कधी उभी राहिले नव्हते. मी कागद छातीशी धरला आणि म्हटलं, “ओ माय.” बाबांनी सांगितलं होतं तिथेच थांबले.

तिनं ओ दिली नाही. ती पाणी पीत होती.